‘गिंदी’ : बावीस महिन्यांच्या एका मुलीच्या बोलण्याचं प्रकरण

माझ्या वहीच्या चौथ्या पानावर एक ओळ आहे : ‘गिंदी – अर्थ नाही.’ तारीख २० नोव्हेंबर २०२४. पुढं जानेवारीत ती ओळ मी खोडली, पण एकाच रेघेनं, खालची अक्षरं वाचता येतील अशी. हे सगळं प्रकरण त्या ओळीचं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मुलगी माझीच. घरात तिला मनू म्हणतो, खरं नाव इथं लिहीत नाही. जन्म मार्च २०२३चा. आम्ही दोघं बार्शी तालुक्यातले, दोन्हीकडं पिढ्यान् पिढ्या मराठीच. नोकरीमुळं सोलापुरात आलो आणि पूर्व भागात, अशोक चौकाच्या पुढं भाड्यानं राहिलो. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघते. मनूचे बाबा फिरतीवर असतात, आठवड्यातले तीन दिवस घरी.

आमच्या वाड्यात एका अंगणाला तीन दारं आहेत. एक आमचं. समोरचं अम्मांचं. अम्मा पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातल्या, घरात तेलुगू. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी विड्या वळण्यात काढली, आता डोळ्यांमुळं ते काम सुटलंय. तिसरं दार घरमालकीण आज्जींचं, त्यांचं माहेर-सासर दोन्ही कन्नड. त्यांना सगळा वाडा ‘अज्जी’च म्हणतो. मागच्या शेडमध्ये चार लूम, म्हणजे विजेवरचे माग, आहेत, सकाळी आठला सुरू झाले की रात्रीपर्यंत खटक-खट चालूच. सोलापूरबाहेरच्या वाचकाला हे तीन भाषांचं अंगण मुद्दाम मांडल्यासारखं वाटेल, पण इथं ते रोजचं आहे. विणकाम करणारी कुटुंबं तेलंगणातून येऊन इथं पिढ्यान् पिढ्या राहिली, आणि अक्कलकोट ओलांडलं की कर्नाटकच लागतं. भाजीवाली एका गिऱ्हाइकाशी तेलुगूत, दुसऱ्याशी कन्नडमध्ये आणि तिसऱ्याशी मराठीत भाव करते, मान वर न करता.

मनू नऊ महिन्यांची झाल्यावर मी कामावर परत गेले. तेव्हापासून सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा ती अम्मांकडं. दुपारी अम्मा पडल्या की तास-दीड तास अज्जींच्या ओट्यावर.

वही कशासाठी घातली, तेही सांगते. मनू पंधराव्या महिन्यात चालायला लागली. तिच्या वयाची माझी भाची अकराव्यात चालली होती, त्यामुळं घरून फोन यायला लागले होते. मग कळलं की जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली भारतासह पाच देशांतल्या मुलांवरून जी मापं प्रसिद्ध केली, त्यात आधाराशिवाय चालण्याचा काळ साधारण आठ ते अठरा महिने एवढा ऐसपैस आहे. म्हणजे आम्ही मध्येच कुठंतरी होतो. पण तोपर्यंत तीन महिने मी तिचं उभं राहणं, भिंत धरून सरकणं, हात सोडून एक क्षण हलत थांबणं हे सगळं काळजीच्या डोळ्यांनी बघितलं होतं. ज्या दिवशी ती चालली, त्या दिवशी अज्जींच्या ओट्यापासून आमच्या उंबऱ्यापर्यंत नऊ पावलं टाकली आणि दहाव्याला खाली बसून स्वतःच टाळ्या वाजवल्या. ते मी पाहिलं, पण पुरतं पाहिलं नाही असं मला वाटत राहिलं. म्हणून वही. निळ्या पुठ्ठ्याची, कारखान्यात जमाखर्चाला वापरतात तसली. ठरवलं की रोज एक ओळ लिहायची, आज काय नवीन केलं.

पहिली तीन पानं आनंदाची आहेत. ‘चमचा उलटा धरून वरण खाल्लं, अर्धं पोहोचलं.’ ‘बाबांच्या चपलेत दोन्ही पाय घालून अंगणात फेरी.’ ‘माझी ओढणी डोक्यावर घेऊन अम्मांसारखी उकिडवी बसली.’ ‘बादलीत पडलेली स्वतःची सावली धरायला हात घातला, सावली मोडली, परत जमेपर्यंत थांबली.’ हे शेवटचं मी कामावर जायला उशीर करून बघितलं होतं.

चौथ्या पानापासून शब्द सुरू होतात आणि पानांचा सूर बदलतो.

विसाव्या महिन्यात तिचे मराठी शब्द मी मोजले तर सात भरले : आई, बाबा, नको, दे, भूभू, टाटा, पाणीचं ‘पा’. बावीसाव्या महिन्यात अकरा. बूस्टरची लस घ्यायला गेलो तेव्हा ताईंनी माता-बाल संरक्षण कार्ड बघून विचारलं, ‘बोलते का?’ मी म्हटलं, ‘बडबडते खूप, पण शब्द कमी आहेत.’ दोन वर्षांच्या सुमाराला पन्नासेक शब्द आणि दोन शब्द जोडून बोलणं, हा डॉक्टर मंडळींचा नेहमीचा ठोकताळा. आमच्याकडं दोन महिने उरले होते आणि हातात अकरा शब्द.

त्या दिवसांत वहीत मी ‘अर्थ नाही’ असं एक सदरच सुरू केलं होतं. त्यात गिंदी होतं, पोंदी होतं, बुव्वा होतं. ‘पाल’ मात्र मी मराठी शब्द म्हणून धरलं होतं आणि त्याचीच धास्ती घेतली होती. रोज संध्याकाळी कडेवर घेऊन स्वयंपाकघरात गेले की ती ओट्यावरच्या भिंतीकडं बोट करून ओरडायची, ‘पाल! पाल!’ मी दिवा लावून भिंत बघायची, झाडू घेऊन ट्यूबलाइटच्या मागं बघायची. पाल नसायची. मनू हात लांब करून रडायला लागायची. तिच्या बाबांनी एका रविवारी ट्यूबच्या मागची फट कागदाचे बोळे घालून बुजवली. दुसऱ्या दिवशी परत ‘पाल!’ आणि परत रडणं. पोर भिंतीला भ्यायला लागली, असं मी माझ्या आईला फोनवर सांगितलं.

आणखी एक. ती स्वतःच्या छातीवर हात आपटून म्हणायची, ‘पापा.’ मी लगेच खाली वाकून तिचा पापा घ्यायचे. ती तो घेऊ द्यायची, आणि पुन्हा छातीवर हात आपटून तेच म्हणायची, जरा जोर देऊन.

संक्रांतीला बोरन्हाण केलं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, बोरं-चुरमुऱ्यांचा पाऊस. मनू बोरं वेचायच्या नादात सगळ्यांना विसरली होती आणि माझ्या कानावर मागून बायकांचं बोलणं येत होतं. ‘अजून बोलत नाही म्हणे.’ ‘भाड्याच्या माणसाकडं ठेवलं की असंच.’ त्या रात्री होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेला जायचं ठरलं होतं, मी गेले नाही.

मग तपासण्या. पहिली कानाची, आणि ही करायला लावली त्याबद्दल मी आमच्या बालरोगतज्ज्ञांची ऋणी आहे. मूल बोलत नसेल तर आधी ते ऐकतंय का हे बघायचं, मग बाकीचं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. कानात मऊ बूच बसवतात, त्यातून बारीक टकटक सोडतात. आतला कान धड असेल तर तो स्वतःच त्याचा अगदी क्षीण प्रतिसाद परत पाठवतो आणि मशीन तो टिपतं. मुलानं काही सांगावं लागत नाही, फक्त शांत असावं लागतं. मनू माझ्या मांडीवर गाढ झोपली होती. पडद्याची हालचाल बघण्याचीही एक तपासणी झाली, कारण सर्दीचं पाणी आत साठलं तरी मुलांना कमी ऐकू येतं. दोन्ही कान उत्तम.

दुसरा सल्ला आम्ही आपण होऊन दुसऱ्या एका ठिकाणी घेतला. तिथं पंधरा मिनिटांत निकाल मिळाला : मूल तीन भाषांत गोंधळलंय, घरात एकच भाषा ठेवा, त्या बाईंकडं पाठवणं बंद करा. मनूशी कुणी बोललं नाही, अम्मांविषयी एक प्रश्न विचारला नाही, तिकडं ती काय बोलते हे कुणाला जाणून घ्यायचं नव्हतं. आम्हीही ते सांगितलं नाही, कारण आम्हालाच ठाऊक नव्हतं. येताना रिक्षात आम्ही दोघं गप्प होतो. सात रस्त्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली, तेव्हा मनू माझ्या मांडीवरून म्हणाली, ‘गिंदी.’

दोन दिवसांत जुळे सोलापुरातलं एक पाळणाघर बघून आलो. सगळं मराठी. पैसे दुप्पट, वेळ गैरसोयीची, पण एक फेब्रुवारीपासून यायचं ठरवून टाकलं. अम्मांना सांगायचं काम माझ्याकडं आलं.

रविवार होता. अज्जी ओट्यावर उखळात शेंगांची चटणी कुटत होत्या, लाल तिखट, लसूण आणि भाजलेल्या दाण्यांचा वास अंगणभर. अम्मा उंबऱ्यात मेथी निवडत बसल्या होत्या. मनू त्यांच्या पायाशी, देठं एका चपलेत भरायची आणि दुसऱ्या चपलेत ओतायची. मागं लूम चालू. मी शब्द जुळवत उभी होते. तेवढ्यात लाइट गेली. चारही लूम एकदम थांबले. एरवी लूमचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही इतका तो अंगवळणी पडतो. थांबल्यावर मात्र कान मोकळे होतात आणि कावळा, लांबचा हॉर्न, उखळातला मुसळाचा ठोका, सगळं एकदम जवळ येतं. मनूनं चप्पल खाली ठेवली, एक बोट वर केलं, मान तिरकी केली आणि म्हणाली, ‘गिंदी.’

अम्मा मेथीवरून नजर न काढता म्हणाल्या, ‘आँ, आगिंदी.’

मी विचारलं, ‘अम्मा, काय म्हणाली ती?’

‘लूम थांबलं म्हणते की.’

‘गिंदी म्हणजे थांबलं?’

‘आगिंदी. थांबलं. लाइट गेली की मी म्हणते, मग ती म्हणते. आता माझ्याआधी तीच म्हणते.’ मग त्यांनी वर बघितलं. ‘का गं पोरी, काय झालं?’

मी तिथंच पायरीवर बसले. सिग्नलला थांबलेली रिक्षा. बंद झालेला पंखा. अवकाळी पाऊस थांबून पत्र्यावरचा आवाज गेला तो क्षण. आणि रात्री अंगाई म्हणता म्हणता मला डुलकी लागायची, माझा आवाज मध्येच तुटायचा, तेव्हा अंधारातून तिचा आवाज यायचा : गिंदी. आई, थांबलीस. दोन महिने ती मला हे सांगत होती आणि मी वहीत लिहिलं होतं, अर्थ नाही.

पाळणाघराचं सांगायचं राहूनच गेलं. मी आत जाऊन वही आणली आणि एकेक शब्द वाचायला लागले. अम्मा अर्थ सांगायच्या आणि हसायच्या. ‘पोंदी’ म्हणजे अयिपोयिंदी, संपलं. ताटली रिकामी झाली की म्हणते. ‘बुव्वा’ म्हणजे भात, लहान मुलांचा शब्द. ‘वद्दु’ म्हणजे नको. ‘पापा’? ‘पापा म्हणजे ही. छोटी मुलगी. मी हिला पापाच म्हणते.’ छातीवर हात आपटून ती स्वतःचं नाव सांगत होती. मी, मी, मला. आणि ‘पाल’? अम्मांना प्रश्नच कळेना. ‘पालु. दूध गं, दूध!’ ओट्याच्या वरच्या फळीवर दुधाचं पातेलं झाकून ठेवलेलं असतं, तेवढ्या उंचीवर मांजराचं तोंड पोहोचत नाही म्हणून.

अज्जींनी मुसळ बाजूला ठेवलं. ‘आमच्याकडं येऊन हालु म्हणते,’ त्या म्हणाल्या. कन्नडमध्ये दूध हालु. मग त्यांनीही भर घातली : हू म्हणजे फूल, आने म्हणजे हत्ती, बेड म्हणजे नको, बा म्हणजे ये.

‘बा’ ऐकल्यावर मनूचे बाबा दारातून बाहेर आले. संध्याकाळी ती अंगणात ‘पिल्ली बा, पिल्ली बा’ करायची, आणि ते ‘पिल्लू, बाबा’ असं ऐकून आतून ओ द्यायचे. पिल्ली म्हणजे तेलुगूत मांजर. बा म्हणजे कन्नडमध्ये ये. मांजरा, ये.

इथं जरा थांबते, कारण या प्रकरणाचा गाभा मला इथं दिसतो. दोन शब्द जोडून बोलणं, ज्याची आम्ही दोन वर्षांच्या वाढदिवसापर्यंत वाट बघत होतो, ते तिनं केव्हाच सुरू केलं होतं. एक शब्द एका दारातून उचलला, दुसरा दुसऱ्या दारातून, आणि त्या दोन्हींतला एकही आमचा नव्हता. त्यामुळं तिचं पहिलं वाक्य रोज आमच्या अंगणात उच्चारलं जात होतं आणि आई-बापाला ते वाक्य म्हणून ऐकू आलं नाही.

त्या दुपारी हिशेब नव्यानं मांडला. नियम असा ठेवला की एका वस्तूला किंवा गोष्टीला ती आपण होऊन, दरवेळी एकच आवाज वापरते तर तो शब्द. उच्चार बोबडा असला तरी चालेल. ‘भूभू’सारखे आवाजी शब्दही धरायचे. मराठी ११, तेलुगू १९, कन्नड ७. एकूण ३७. त्यातल्या पाच गोष्टींना तिच्याकडं दोन भाषांत शब्द होते, म्हणजे वेगवेगळ्या गोष्टी ३२. अकराच्या जागी सदतीस.

पुढच्या भेटीत बालरोगतज्ज्ञांसमोर ही पानं ठेवली. त्यांनी एकेक ओळ वाचली. एकापेक्षा जास्त भाषांत वाढणाऱ्या मुलाचे शब्द सगळ्या भाषांतले मिळूनच मोजायचे असतात, असं त्यांनी सांगितलं. नंतर मी स्वतः वाचलं : अमेरिकेत मायामीमध्ये इंग्रजी आणि स्पॅनिश एकदम शिकणाऱ्या बाळांवर बार्बरा पिअर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं. ते १९९३ साली प्रसिद्ध झालं. दोन्ही भाषांतले शब्द एकत्र धरले तर ती मुलं एकभाषी मुलांच्या मागं आहेत असं म्हणायला आधार सापडला नाही. शब्द सरमिसळ करून वापरणं हाही गोंधळ समजत नाहीत. ज्या भाषेतला शब्द हाताशी आहे तो मूल वापरतं.

इथं एक गोष्ट ठामपणे लिहायची आहे, कारण हे वाचून कुणी ‘आमच्याकडंही दोन भाषा आहेत, बोलेल हळूहळू’ म्हणून गप्प बसलं तर मला फार वाईट वाटेल. जास्त भाषांमुळं मूल मुकं होत नाही, आणि म्हणूनच जास्त भाषा हे उशिराचं कारणही मानायचं नाही. ज्याला खरोखर अडचण आहे त्याला ती सगळ्याच भाषांत असते. वर्षाचं झालं तरी बडबड नाही, बोटानं दाखवत नाही, हाक मारल्यावर वळत नाही, सोळा महिन्यांपर्यंत कुठल्याही भाषेत एकही शब्द नाही, किंवा आलेले शब्द गेले, यांतलं काहीही असेल तर थांबू नये. कानाची तपासणी तर करायचीच. मनूच्या बाबतीत ती केली म्हणूनच पुढचं सगळं आम्ही निर्धास्तपणे ऐकू शकलो.

पाळणाघराला नाही कळवलं. अम्मांना मी तो बेत बऱ्याच दिवसांनी सांगितला. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘तुम्हाला समजंना म्हणून ती बोलंना असं कसं, पोरी?’ एवढंच. मला ते लागलं, आणि लागायला हवंच होतं.

बदल आम्ही फारसे केले नाहीत. अम्मांनी तेलुगूत बोलायचं, अज्जींनी कन्नडमध्ये, आम्ही मराठीत, ते तसंच ठेवलं. फक्त ती ‘पाल’ म्हणाली की मी पातेलं खाली घेऊन म्हणायची, ‘पाल हवं? हे बघ दूध. गरम दूध.’ तिचा शब्द आधी, माझा मागून. आणि संध्याकाळी तिला आणायला गेले की दहा मिनिटं अम्मांजवळ बसून दिवसाचे शब्द विचारायचे. ती दहा मिनिटं मला दिवसातली सगळ्यात आवडती झाली. अम्मा एखादी गोष्ट सांगायच्या, म्हणजे आज चेप्पुलु म्हणाली, चपला, आणि मनू उठून चपला आणून दाखवायची, पुराव्यासारख्या. यामुळं ती लवकर बोलली असा माझा दावा नाही. ती तिच्या वेळेला बोलतच होती. आम्हाला मात्र तिच्याकडं परत आनंदानं बघता यायला लागलं, आणि पाचव्या पानापासून वहीचा सूर पुन्हा पहिल्या तीन पानांसारखा झाला.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी ती ओट्यापाशी उभी राहिली, वर बोट केलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, ‘पाल दे.’ तेलुगू दूध, मराठी दे. मी पातेलं उतरवलं, वाटी भरली, आणि ती पिऊन झाल्यावर ओठांवरच्या सायीसकट म्हणाली, ‘पोंदी.’ मार्चमध्ये वाढदिवसाला शब्द सत्तरच्या पुढं गेले. मे महिन्यात, बेचाळीस अंशांच्या उन्हात, दुपारभर माठाला गाल लावून बसायची आणि ‘गार, गार’ म्हणायची. तेव्हापासून मोजणं सोडलं, कारण दिवसाला चार-पाच शब्द येत होते आणि लिहायला बसले की ऐकायचं राहत होतं.

वहीतली शेवटची नोंद सप्टेंबर २०२५ची आहे, मनू अडीच वर्षांची. तेव्हा सोलापुरात पिण्याचं पाणी रोज येत नव्हतं, चार-पाच दिवसांआड यायचं, आणि कधी येईल ते नळालाच ठाऊक. त्या दिवशी पहाटे साडेपाचला अंगणातल्या नळानं आधी फुसफुस केली, मग धार सोडली. मनू माझ्याआधी उठली होती. दार ढकलून बाहेर गेली, नळाखाली हात धरला आणि मागं वळून मला म्हणाली, ‘आई, पाणी आलं.’ मी घागर घेऊन येईपर्यंत ती समोरच्या दारावर दोन्ही तळवे आपटत होती : ‘अम्मा, नीळ्ळु वच्चिनय!’ आतून खाट करकरली. तिथून ती तशीच ओल्या पायांनी ओट्यावर चढली, अज्जींच्या खिडकीचा गज धरला आणि ओरडली, ‘अज्जी, नीरु बंतु!’ तिन्ही दारांतून आम्ही तिघी घागरी घेऊन बाहेर आलो. लूम अजून सुरू व्हायचे होते.